काटा साफ हाय

"औंदा गूळ लई मिळंल बघ. पैलवान कसला भरलाय."

माझ्या पुढे बसलेली बाई शेजारणीला सांगत होती. दोघींच्या मांडीवर रिकामे डबे होते. "गेल्या साली त्यो वाळका जितला. वाटीभर बी आला न्हाय वाट्याला." शेजारणीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मग पुढच्या साली रेडाच बसवू की पारड्यात."

मी त्यांच्या मागे काकूला चिकटून बसले होते. तालमीसमोरच्या पटांगणात तीन वासे वर एकत्र बांधून त्यांना मोठा तराजू टांगला होता. यात्रेत आपल्या तालमीच्या पैलवानाने शेवटची कुस्ती मारली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गुळाने तुला व्हायची. एका पारड्यात पैलवान, दुसऱ्यात ढेपा. तो गूळ गावात वाटायचा आणि मग पैलवानाचं नाव तालमीतल्या सागवानी फळीवर रंगवायचं. त्या फळीवर नाव असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. फळीवर नाव असलेल्या माणसाला एसटीत लोक उठून जागा देत, तो म्हातारा झाला तरी.

पण नाव रंगवण्याआधी तराजूपाशी उभ्या असलेल्या माणसाने मोठ्याने म्हणायचं, "काटा साफ हाय." ते शब्द आल्याशिवाय पेंटर डब्यात ब्रश बुडवत नसे. फार पूर्वी म्हणे एक पैलवान मान वाढावा म्हणून कमरेला शिसं बांधून पारड्यात बसला होता, तेव्हापासून ही रीत. मी त्या गावात होते तेव्हा तराजूपाशी आबा उभे राहत.

आबा आता नाहीत. त्यांचं एक किलोचं लोखंडी वजन माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय, असं मी विचारणाऱ्यांना सांगते.

ते वजन तेव्हा त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात असे. उन्हाळ्यातही कोट, आणि कोट कायम एका बाजूला ओघळलेला. वर्षानुवर्षं तसं चालून त्यांचा उजवा खांदाही उतरला होता. बाजारात भाजीवालीने तराजू उचलला की आबा खिशात हात घालत आणि काही न बोलता किलो तिच्या पारड्यात ठेवत. काही भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच दोन वांगी जास्त टाकत. ती वांगी ते परत करत. "मला जादा नको. मला किलो पायजे," म्हणत. त्यावरून एकदा एका बाईशी त्यांचं इतकं वाजलं, की तिने अख्खी टोपली त्यांच्यापुढे ठेवून "घ्या, तुमीच इका" म्हटलं. आबांनी खरंच बसून विकली. दुपारपर्यंत.

लोक त्यांना येडं म्हणत. म्हणोत. मी तेव्हाही म्हणत नव्हते, आणि आता तर मुळीच नाही.

मी पुण्यात मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, फार्मसीचा डिप्लोमा केला आणि काकांच्या मेडिकलमध्ये काउंटरमागे उभी राहिले. गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसरच्या अलीकडे. नाव सांगत नाही. दुकान काकांचं, परवाना माझ्या सर्टिफिकेटवर आणि गाळा तात्यांचा. तात्या कारखान्याचे डायरेक्टर, तालमीचे अध्यक्ष आणि स्टँडसमोरच्या सगळ्या गाळ्यांचे मालक. त्या रांगेत आमच्या समाजाचं ते पहिलं दुकान. काकांनी गल्ल्यामागे निळ्या कोटातला फोटो लावला होता आणि शेजारी माझं सर्टिफिकेट. खिळे ठोकताना त्यांनी पट्टीने मोजून घेतलं होतं, फोटो चार बोटं वर राहील असं.

मी कमी बोलायची. मागतील ते काढून द्यायचं आणि मान खाली. माझं मराठी ऐकून बायका एकमेकींकडे बघत, म्हणून आणखीच कमी बोलायची.

दुकानासमोर काकांनी दवाखान्यात असतो तसा उभा वजनकाटा आणून ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सायकलवरून आले. कॅरियरवरून वीस किलोचं शिक्क्याचं वजन उतरवलं, काट्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"अर्धा किलो खोटं बोलतंय."

"कोण?" मी विचारलं.

"ह्यो. तुमी न्हाय. तुमी अजून काय बोललाच न्हाय."

त्यानंतर रोज सकाळी ते येत. आधी काटा तपासत, मग स्वतः चढत, मग रस्त्याने जाणाऱ्यांची वजनं नजरेने सांगत. "गुरुजी, एकाहत्तर. सुटीत बसून खाल्लंय." गुरुजी हसत काट्यावर चढायचे आणि उतरताना हसत नसत. मला म्हणाले, "तुमी बेचाळीस. गेल्या हप्त्यात साडेबेचाळीस. डबा कुत्र्याला घालता का काय?" मी घालत होते. काकूची वांग्याची भाजी मला खाववत नसे. त्या दिवसापासून मी डबा संपवू लागले, कारण आबांना काही सांगावं लागत नाही हे मला फार भीतीदायक वाटलं.

नोकरीभर ते कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची ट्रॉली चढायची, आबा बघायचे, पावती फाडायची. ट्रॉलीच्या तळाला दगड कुणी घातलेत, ऊस पाणी मारून कुणी आणलाय, गाडी चढताना ड्रायव्हर मुद्दाम खाली का उतरला नाही, हे त्यांना न वाकता कळे. दगडवाल्याला ते शिव्या देत नसत. म्हणत, "दगूड उतरव, मग ये. मी हितंच हाय." तो माणूस रांगेच्या शेवटी जाई.

पण एकदा काटाच चुकला. ऐन हंगामात. फरक थोडा होता आणि तो कारखान्याच्या बाजूने होता. साहेब म्हणाले, संध्याकाळी बघू. आबांनी काट्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन दारात बसले. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. गाडीवाले आबांनाच शिव्या घालू लागले, ज्यांच्यासाठी हे चाललं होतं तेच. दुपारी मेकॅनिक आला, काटा नीट झाला, आणि आठवड्यात आबांची बदली गोदामात झाली. तिथे वजनाचं काम नव्हतं. तर ते घरून ताणकाटा घेऊन गेले आणि निवृत्त होईपर्यंत पोत्यांची वजनं करत बसले, कुणी विचारत नसताना.

"मग मिळालं काय तुम्हाला?" मी एकदा विचारलं. मला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये शेवटी काहीतरी मिळत असे.

"काटा नीट झाला की," ते म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

तरुणपणी ते स्वतः तालमीत जात. चण लहान, प्रत्येक यात्रेत पाठ लागायची. ते हे लपवत नसत. "माझा गूळ कुनी खाल्ला न्हाय," म्हणत. फळीवर नाव नाही, पण तालमीतल्या पोरांची वजनं दर सोमवारी लिहून ठेवण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. एक लांब वही आणि तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. कुणाला किती दूध, किती बदाम आणि किती भरला.

पैलवान तात्यांचा पुतण्या. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बुजरा, माझ्यासारखाच काउंटरकडे बघून बोलणारा. थंडीत तो पहिल्यांदा आला आणि एका इंजेक्शनचं नाव लिहिलेला कागद पुढे केला. नाव कुणीतरी इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहून दिलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती.

"आजीचं हाड मोडलंय," तो म्हणाला. "डाक्टर म्हनले ताकदीचं द्या."

हाडं ठिसूळ झालेल्यांना ते देतात, हे मला माहीत होतं. चिठ्ठी मागायला हवी होती. मी मागितली नाही, कारण त्यासाठी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते गाळामालकाच्या पुतण्याला बोलावं लागलं असतं. कागदी पिशवीवर दुकानाचा शिक्का होता. पिशवीत घालून दिलं. पुढेही तो येत राहिला आणि मी देत राहिले. त्याची मान रुंद होत गेली, खांद्यांवर मुरमं आली, आवाज जाड झाला. मी हे सगळं बघत होते. बघण्यात मी हुशार होते.

मग एके दिवशी त्याची आजी दुकानात आली. स्वतःच्या पायांनी, बाजाराची पिशवी घेऊन, दोन पायऱ्या एकदम चढून. बामची डबी मागितली.

"हाड कसं आहे आता?" मी विचारलं.

"कुनाचं हाड?" म्हातारी म्हणाली. "मला काय धाड भरलीय? सुनंचं डोकं दुकतंय."

त्या आठवड्यात पैलवान पुन्हा आला. आणि मी पुन्हा दिलं. हे मला इथे लिहायलाच हवं. आजी ठणठणीत आहे हे कळल्यावरही मी एकदा दिलं. तो खाली बघत म्हणाला, "ताई, लोकांना मोटा पैलवान पायजे असतो." मी सुटे पैसे मोजले आणि त्याच्या हातात ठेवले.

फाल्गुनात आबा वही घेऊनच आले. एका पानावर बोट ठेवलं.

"दोन म्हयन्यात अकरा किलो. बाई, मी जल्मभर ऊस तोललेला मानूस हाय. ऊस बी असा भरत न्हाय. कशानं?"

"खुराक असेल," मी म्हणाले.

"खुराक मीच लिवतो." ते माझ्याकडे बघत राहिले. मी बामच्या डब्या सरळ करत राहिले.

चार दिवसांनी त्यांनी खिशातून एक चुरगळलेली पिशवी काढून काउंटरवर ठेवली. तालमीमागच्या खड्ड्यात सापडली म्हणाले. आत फुटक्या काचेची बाटली आणि घडी केलेला बारीक अक्षरांचा कागद. "इंग्रजीत हाय. वाचून सांगा."

मी वाचलं. एकेक ओळ मराठीत करून सांगितली. कुणाला द्यायचं, किती, कशी सूज येते, यकृताचं काय होतं, काळजाचं काय होतं. निरोगी माणसाने ताकद वाढवायला घेऊ नये, असंही लिहिलं होतं. माझा आवाज बातम्या दिल्यासारखा येत होता.

"म्हंजी आजाऱ्याच्या वाटचं हाय ते," आबा म्हणाले.

"हो."

त्यांनी कागद घडी करून ठेवला. मग पिशवी काउंटरवर पसरली, तळहाताने तिच्या सुरकुत्या काढल्या. आमच्या दुकानाचा शिक्का वर आला, जांभळा, स्पष्ट. त्यांनी तो बघितला. मी त्यांना बघताना बघितलं. त्यांनी पिशवीच्या चार घड्या केल्या, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "आज काटा नीट हाय तुमचा." आणि गेले.

त्यानंतर पैलवान आमच्याकडे आला नाही. बारामतीत मेडिकलं काय कमी होती.

काकांशी मी बोलले. सगळं नाही, अर्धं. काका म्हणाले, "जिल्ह्यात निम्मे घेतात. कुस्ती त्यालाच खेळावी लागते ना? नाव फळीवर लागायचं ते कुस्ती मारली म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपण कुणाच्या गाळ्यात बसलोय, ते विसरू नकोस."

आबा मागे उभे होते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. काट्यावरून उतरत ते म्हणाले, "ट्रॉली बी चालत आलेली असती, साहेब. बैलं बी घाम गाळत्यात. म्हनून दगडाची पावती फाडायची व्हय?" काका गल्ला उघडून नोटा मोजू लागले. मला मात्र तेव्हापासून झोपताना, जेवताना तोच प्रश्न पडे. इंजेक्शनं कुणी विकली, हे आबांना माहीत होतं. ते एकदाही बोलले नाहीत. रोज येत, वीस किलो ठेवत, स्वतः चढत, माझं वजन सांगत. एकेचाळीस. साडेचाळीस.

यात्रेत पैलवानाने शेवटची कुस्ती मारली. चांगली मारली, असं सगळे म्हणाले.

आणि आता ती सकाळ. तराजू टांगलेला, बायका डबे घेऊन बसलेल्या, पेंटर फळीजवळ स्टुलावर. पैलवान फेटा बांधून पारड्यात बसला. तात्या खुर्चीवर, काका त्यांच्या मागे उभे. आबांनी नेहमीप्रमाणे आधी रिकामा तराजू तपासला होता, दोन्हीकडे एकेक किलो ठेवून. मग ढेपा चढल्या. एक, दोन, चार. बायका हसून मोजत होत्या. पारडी समोरासमोर आली, काटा मधोमध थांबला.

आबा काट्याकडे बघत राहिले.

"आबा, म्हना," तात्या म्हणाले.

"काटा साफ न्हाय."

"तराजू बिघडला का?"

"तराजू ठीक हाय. वजन ह्या पोराचं न्हाय. ह्यात इंजेक्शनाचं वजन हाय. तेवडं उतरवा, मी म्हनतो."

आधी कुणाला कळलं नाही. मग कुजबूज सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "आबाला ढेप पायजे आसंल, द्या एक." हशा पिकला. पैलवान पारड्यात मान खाली घालून बसला होता आणि पारडं हळूहळू हलत होतं.

तात्या हसले नाहीत. "आबा, तुमचं वय बघून ऐकून घेतोय. तुमचं नाव कदी ह्या फळीवर लागलं न्हाय, म्हनून पोटात दुकतंय. गाव समजून हाय."

"न्हाय लागलं," आबा म्हणाले. "पाट लागली की नाव लागत न्हाय. बराबर हाय ते."

"पुरावा काय हाय तुमच्यापाशी? कुनी दिलं इंजेक्शान? कुटनं आलं? नाव सांगा."

आबांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. मला ती पिशवी दिसत होती, चार घड्यांची, आत जांभळा शिक्का. हात खिशापाशी थांबला. मग रिकामाच खाली आला.

"माजी वही हाय," ते म्हणाले. "अकरा किलो. मी वजन करनारा मानूस हाय, कुनाची नावं घेनारा न्हाय."

"वही," तात्या गर्दीकडे वळून म्हणाले. "पेन्सिलीनं लिवलेली. ऐकलं का? आज सांगतो सगळ्यांसमोर. ह्या म्हाताऱ्यानं उद्यापास्नं तालमीच्या तराजूला हात लावायचा न्हाय. आन् काटा साफ हाय का न्हाय ते मी सांगतो. पेंटर, घे ब्रश."

कुणीतरी टाळी वाजवली. आबा तराजूच्या दांडीला धरून उभे राहिले. कोट उजवीकडे ओघळलेला, खांदा उतरलेला. त्यांनी दांडी सोडली नाही. गोदामात बदली झाली त्या दिवशी ते असेच उभे राहिले असतील, असं मला वाटलं, आणि रागाने माझे कान गरम झाले. तात्यांवर नाही. स्वतःवर. एक म्हातारा माणूस माझं नाव खिशात ठेवून सगळ्या गावापुढे खोटा ठरत होता, आणि मी डबेवाल्या बायकांच्या मागे बसून बघत होते. बघण्यात हुशार.

काकांनी गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. मान अगदी थोडी हलवली. नको. मला गाळा दिसला, फोटो, त्याच्या शेजारी चार बोटं खाली माझं सर्टिफिकेट. पट्टीने मोजलेलं. तो गाळा पुढे आमच्याकडे राहिला नाही, आणि ते सर्टिफिकेटही काही काळ माझ्याकडे राहिलं नाही. पण काकांनी नंतर एकदाही मला त्याबद्दल ऐकवलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

मी उठले. काकूने माझी ओढणी धरली, ती सुटली. पुढच्या बाईचा डबा पायाला लागून आडवा झाला. मी काहीतरी बोलले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"कोन बोललं?" तात्या म्हणाले.

पेंटरचा ब्रश डब्यावर थांबला होता. सगळे मागे वळले. आबा वळले नाहीत. त्यांची नजर काट्यावरच होती.

"जोरात बोला, बाई," ते म्हणाले. "लांबच्याला बी ऐकू गेलं पायजे."

मी म्हणाले, "ती इंजेक्शनं मी विकली. चिठ्ठीशिवाय विकली. आबांच्या खिशात जी पिशवी आहे तिच्यावर आमच्या दुकानाचा शिक्का आहे. पिशवी सापडल्यापासून त्यांना माहीत होतं. काटा साफ नाही."